सात सॅक आणि बत्तीस इंची हात: डिफेन्सिव्ह टॅकल पारखायचा कसा?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तो असा: तुम्ही नागपूरचे, सध्या अमेरिकेत स्पोर्ट्स मॅनेजमेंट शिकताय, आणि विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल विभागात विद्यार्थी-सहायक म्हणून काम मिळालंय. तुमच्याच संघातल्या एका डिफेन्सिव्ह टॅकलवर (बचावाच्या पुढच्या ओळीत मधोमध उभा राहणारा खेळाडू) अहवाल लिहायचाय, की एनएफएलच्या, म्हणजे व्यावसायिक लीगच्या, ड्राफ्टमध्ये तो कुठे बसेल; तिथे संघ फेरीफेरीनं कॉलेजची मुलं निवडतात. उंची ६ फूट १ इंच, वजन २९० पाउंड, हात ३२ इंच, गेल्या मोसमात ७ सॅक (पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला पास फेकण्याआधीच लाइनच्या मागे पाडलं की सॅक). आकडे बघून तुम्हाला तो पहिल्या-दुसऱ्या फेरीचा वाटतो. कोच म्हणतात, ‘लहान आहे.’ आणि शेवटी तुम्ही विचारलंय, ‘मी हा खेळ कधी खेळलो नाही, मग माझ्या नजरेवर भरवसा कसा ठेवू?’

मी बावीस वर्षं कॉलेजच्या मुलांना डिफेन्सिव्ह लाइन शिकवतोय. दर वर्षी एनएफएलचे स्काउट (खेळाडू पारखणारी माणसं) आमच्या फिल्म रूममध्ये येऊन बसतात, प्रश्न विचारतात, आणि काही वर्षांनी त्यांचा अंदाज बरोबर होता की माझा, हे कळतं. दोघांच्याही चुका पाहिल्यात. त्यावरून सांगतो.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. मुलगा चांगला आहे का, हा पहिला. तो ज्यामुळे चांगला आहे, ते त्याच्याबरोबर वरच्या पातळीवर जाईल का, हा दुसरा. ड्राफ्टचा अहवाल दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असतो. शनिवारी, म्हणजे कॉलेजच्या सामन्यात, त्याच्यासमोर उभे राहणारे बहुतेक गार्ड (क्वार्टरबॅकचं रक्षण करणाऱ्या ओळीतले खेळाडू) पुढे एनएफएलमध्ये खेळणार नाहीत. रविवारी, एनएफएलमध्ये, समोर येईल तो तीस वर्षांचा, पोटापाण्यासाठी खेळणारा, आठवडाभर याचीच फिल्म बघून आलेला माणूस. शनिवारची कुठली गोष्ट त्या माणसासमोर टिकेल, एवढंच शोधायचंय.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते आधी मान्य करतो. ‘लहान आहे’ हे वाक्य एकटं अर्धवट आहे. कशासाठी लहान? लाइनमन कुठे उभा राहतो त्याला आम्ही आकडे देतो. समोरच्या ओळीत मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, त्यांच्या बाहेर ऑफेन्सिव्ह टॅकल. सेंटरच्या डोक्यासमोर ०, त्याच्या खांद्यावर १, गार्डच्या बाहेरच्या खांद्यावर ३, टॅकलच्या बाहेरच्या खांद्यावर ५. शून्यावर उभं राहून दोन माणसांना अडवून धरायचं असेल, तर २९० पाउंड म्हणजे खरंच कमी. व्हिटा व्हिया २०१८मध्ये बाराव्या क्रमांकावर गेला तेव्हा साडेतीनशे पाउंडांच्या आसपास होता, आणि त्याचं काम तेच होतं. पण तुमचा मुलगा ३ टेक्निक, म्हणजे ३ आकड्यावर उभा राहणारा, असेल, गार्ड आणि टॅकल यांच्यामधल्या एकाच फटीतून घुसणं हे त्याचं काम असेल, तर २९० चालून जातं. काही संघ लाइनमनला दोन्ही बाजूंच्या फटी सांभाळायला लावतात. समोरच्याला हातभर लांब धरून ठेवायचं, बॉल कुठे जातो ते बघायचं, मग सोडायचं. त्या संघांच्या यादीत हा मुलगा कदाचित नसेलच. एकाच मुलाला एका संघाच्या ड्राफ्ट-यादीच्या फळ्यावर दुसरी फेरी आणि दुसऱ्याच्या फळ्यावर सहावी, असं दर वर्षी होतं, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

या चर्चेत कोणीतरी ॲरन डोनाल्डचं नाव काढणारच, म्हणून आधीच बोलतो. पिट्सबर्ग विद्यापीठाचा डोनाल्ड २०१४मध्ये मोजला गेला तेव्हा ६ फूट पाऊण इंच आणि २८५ पाउंड भरला. बुटका म्हणून शंका घेतली गेली, रॅम्सनी त्याला तेराव्या क्रमांकावर घेतलं, आणि पुढे तो तीनदा वर्षातला सर्वोत्तम डिफेन्सिव्ह खेळाडू ठरला. पण त्याचं उदाहरण देताना लोक विसरतात की त्याच डोनाल्डनं ४० यार्ड ४.६८ सेकंदांत कापले होते आणि कॉलेजच्या शेवटच्या वर्षी त्याच्या नावावर लाइनच्या मागे समोरच्याला पाडल्याचे साडेअठ्ठावीस टॅकल्स होते. लहान शरीराची किंमत त्यानं दुसऱ्या कशानं तरी चुकवली होती. तुमच्या मुलाला जवळचं उदाहरण जीनो ॲटकिन्सचं. जॉर्जिया विद्यापीठ, ६ फूट १ इंच, २९० पाउंडांच्या थोडा वर. २०१०मध्ये चौथ्या फेरीत, १२०व्या क्रमांकावर बेंगल्सकडे गेला आणि आठ वेळा प्रो बोलसाठी (मोसमातल्या निवडक खेळाडूंचा मान) निवडला गेला. ग्रेडी जॅरेटही याच बांध्याचा. तो २०१५मध्ये पाचव्या फेरीत गेला, आणि दोन वर्षांतच सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीला त्यानं तीनदा पाडलं. ही नावं कोचना दाखवायला उपयोगी आहेत, पण पुरावा म्हणून वापरू नका. याच मापाची कितीतरी मुलं ट्रेनिंग कॅम्पमधूनच घरी गेली आणि त्यांची नावं कोणाच्या तोंडी नाहीत. ॲटकिन्सकडे पाहून एवढंच म्हणता येतं की दार बंद नाही.

आता त्या सात सॅककडे येऊ. आकडा मोहक असतो, कारण तो मोजता येतो. मी काय करतो सांगतो: सातही सॅक काढून एका ओळीत लावतो आणि प्रत्येकासमोर एकच गोष्ट लिहितो, की हा कोणामुळे झाला. रिसीव्हर (पास झेलणारा) मोकळा नव्हता म्हणून क्वार्टरबॅक चार सेकंद बॉल धरून बसला, तर तो सॅक आपल्याच मागच्या बचावपटूंचा. शेजारच्या मुलानं हाकललं आणि क्वार्टरबॅक याच्या मिठीत येऊन पडला, तर तो शेजाऱ्याचा. गार्ड आणि सेंटरचा गोंधळ होऊन कोणीच अडवलं नाही, तर तो समोरच्यांच्या चुकीचा. समोरच्या गार्डला स्वतःच्या हातापायानं हरवून, तीन सेकंदांच्या आत मिळवलेले उरले, ते याचे. सातातले दोन उरले तरी घाबरू नका, आणि पाच उरले तर मला लगेच कळवा.

व्हर्नन गोल्स्टन ओहायो स्टेटसाठी २००७मध्ये १४ सॅक घेऊन बसला होता, शरीर पुतळ्यासारखं. २००८मध्ये जेट्सनी त्याला सहाव्या क्रमांकावर घेतलं. तीन मोसमांत त्याचा एकही सॅक झाला नाही. उलट डॅनिएल हंटर. एलएसयूमध्ये (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) शेवटच्या वर्षी दीड सॅक, त्यामुळे २०१५मध्ये तिसऱ्या फेरीपर्यंत खाली आला. पुढे व्हायकिंग्जसाठी त्यानं पाच मोसमांत दहाच्या वर सॅक केले. ख्रिस जोन्सचे मिसिसिपी स्टेटमधल्या तीन वर्षांचे मिळून साडेआठ. चीफ्सनी त्याला दुसऱ्या फेरीत उचललं, आणि आज त्याच्याइतका आतून क्वार्टरबॅकवर चालून जाणारा माणूस क्वचित दिसतो.

कॉलेजात सॅक कमी दिसण्यामागे खेळाची पद्धतही असते. हल्ली कॉलेजचे संघ इतके झटपट पास फेकतात की लाइनमनचं दुसरं पाऊल पडेपर्यंत बॉल हातातून गेलेला असतो. त्या स्नॅपवर (सेंटरनं बॉल मागे दिला की सुरू होणारा एक डाव) जगातला कोणीही पोहोचणार नाही. दहा यार्ड पुढे जायला चार प्रयत्न मिळतात, त्यातला प्रत्येक म्हणजे डाऊन. म्हणून तिसरा डाऊन आणि सात यार्डांहून जास्त बाकी, एवढेच स्नॅप वेगळे काढा. तिथे क्वार्टरबॅकला थांबावंच लागतं. तिथे हा किती वेळा गार्डच्या पलीकडे गेला ते मोजा, मग क्वार्टरबॅक पडो न पडो.

फिल्म कशी बघायची, हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. टीव्हीवरचं चित्रण बाजूला ठेवा, तो कॅमेरा बॉलच्या मागे धावतो. तुमच्या विभागाकडे एंड झोनच्या बाजूनं, उंचावरून घेतलेली फिल्म असते, ती मागा. त्यात कंबर आणि हाताचे पंजे दिसतात, आणि या जागेवरची निम्मी गोष्ट तिथेच आहे. चार सामने निवडा. त्यातले दोन त्याच्या कामगिरीवरून निवडू नका. ज्यांची ऑफेन्सिव्ह लाइन सर्वांत तगडी आहे त्या संघांविरुद्धचे घ्या. एक मोसमाच्या सुरुवातीचा, एक नोव्हेंबरचा, थकलेल्या शरीराचा.

प्रत्येक स्नॅप तीनदा बघा. पहिल्यांदा फक्त पाय: बॉल हलल्यावर चौघांतला पहिला कोण निघाला, आणि पहिलं पाऊल पुढे पडलं की जागच्या जागी. दुसऱ्यांदा फक्त हात: आधी कोणाचे पंजे कोणाच्या छातीवर पोहोचले, आत की बाहेर. तिसऱ्यांदा शेवट: बॉल दुसरीकडे गेल्यावर हा धावला की उभा राहिला. सामन्यात पन्नास-साठ स्नॅप असतात, म्हणजे एका सामन्याला तीन-चार तास. कंटाळा येईल, पण दुसरा रस्ता मला माहीत नाही.

एक स्नॅप जवळून दाखवतो, माझ्या एका जुन्या मुलाचा. तिसरा क्वार्टर, पहिला डाऊन. तो ३ टेक्निकला. स्नॅप होताच गार्ड त्याच्या छातीला भिडला, आणि अर्ध्या श्वासात बाजूचा टॅकल त्याच्या बरगडीवर आदळला. दोघांचं वजन मिळून सहाशे पाउंडांच्या वर. त्यानं टॅकलकडे वळून बघितलंही नाही. त्या बाजूचा खांदा खाली पाडला, त्याच बाजूचा गुडघा जवळजवळ गवताला लावला, मागचा पाय खोल रोवला, आणि तिथेच राहिला. वीतभर सरकला असेल. टॅकलला त्याला ढकलून पुढे लाइनबॅकरपर्यंत (आमच्या ओळीमागे उभा असलेला बचावपटू) जायचं होतं, ते जमलंच नाही. लाइनबॅकर मोकळा आला आणि बॉल घेऊन येणाऱ्याला एका यार्डात आडवा केला. सामन्याच्या नोंदीत माझ्या मुलाच्या नावापुढे काहीच नाही. पण त्या आठवड्यात आलेल्या स्काउटनं तोच स्नॅप पाच-सहा वेळा मागेपुढे करून बघितला, आणि मग मला पहिला प्रश्न विचारला तो त्याच्या कंबरेबद्दल: ‘हा आधी कुस्ती खेळायचा का?’

खेळायचा. माझं लहानपण कोल्हापुरात गेलं, दोन वर्षं तालमीची माती अंगाला लागली, त्यामुळे हा प्रश्न मला मनापासून आवडतो. वस्ताद पाठीवर थाप मारून ‘कंबर खाली’ म्हणायचे, तेच मी आज इथे इंग्रजीत रोज शंभरदा म्हणतो. जो खाली, तो वरच्याला उचलतो. लहान टॅकलला तर हाच आधार: ६ फूट ५ इंचाच्या गार्डच्या छातीखाली शिरणं त्याला उपजत सोपं जातं. पण कुस्तीनं सगळं होत नाही, हेही सांगतो. स्टीफन नील कॉलेजात फुटबॉल न खेळता, कुस्तीतला जगज्जेता म्हणून आला आणि पेट्रियट्सचा गार्ड होऊन तीन सुपर बोल जिंकला. ऑलिंपिक सुवर्णविजेता गेबल स्टीव्हसन २०२४मध्ये बिल्सच्या डिफेन्सिव्ह लाइनमध्ये आला आणि ऑगस्टमध्येच बाहेर पडला. कुस्तीत समोर एकच माणूस असतो. इथे न दिसणारा दुसरा माणूस बाजूनं येतो, आणि तो येणार हे शरीराला आधी कळावं लागतं. त्याला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ सगळ्यांना मिळत नाही.

हातांची लांबी का मोजतात, तर आधी कोण पकडणार हे त्यावर ठरतं. तुमच्या मुलाचे ३२ इंच म्हणजे आतल्या जागेसाठीसुद्धा कमीच. समोरच्या गार्डचे ३४ असले तर तो दोन इंच आधी पोहोचतो. पण पंजा कधी सोडायचा याचं ज्ञान ते दोन इंच भरून काढू शकतं. म्हणून फिल्मवर ‘हात आखूड’ असं लिहू नका. गार्डचे पंजे त्याच्या छातीवर बसल्यानंतर किती वेळा त्यानं ते झटकले, ते मोजून लिहा. पहिल्या धडकेत हरल्यावर त्याच्याकडे दुसरा डाव आहे का? माझी सर्वांत मोठी चूक इथेच झाली होती. एका मुलाचे सॅक दोन आकडी, मी त्याला फार वर ठेवलं आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला तसंच सांगितलं. नंतर मोसमानंतरच्या ऑल-स्टार सरावात मोठ्या विद्यापीठांचे गार्ड त्याच्यासमोर आले. पहिल्या दिवशी त्याच्या स्पिननं, म्हणजे गिरकी घेऊन निसटण्याच्या डावानं, दोघे फसले. दुसऱ्या दिवसापासून सगळे त्या स्पिनचीच वाट बघत उभे होते, आणि त्याच्याकडे दुसरं काहीच नव्हतं. मी सॅक मोजले होते, डाव मोजले नव्हते. तेव्हापासून माझ्या वहीत प्रत्येक जिंकलेल्या स्नॅपसमोर डावाचं नाव असतं. एकच नाव पुन्हा पुन्हा दिसलं की पेन्सिल थांबते.

इंडियानापोलिसच्या कम्बाइनचे (ड्राफ्टआधीच्या मोजमाप-चाचण्या) आकडे येतील तेव्हा त्यातले दोन-तीनच आधी वाचा. ४० यार्डांची वेळ लोक ओरडून सांगतात, पण आतला लाइनमन सामन्यात ४० यार्ड धावतो किती वेळा? पहिल्या १० यार्डांची वेळ बघा. तीन शंकूंभोवतीची धाव बघा, ती कंबर आणि घोटे किती वळतात ते सांगते. २२५ पाउंड किती वेळा उचलले याला मी फार वजन देत नाही, कारण आखूड हातांच्या मुलाला ते मुळातच सोपं पडतं. उंची-वजन मात्र तिथलंच धरा. कॉलेजच्या माहितीपुस्तिकेत छापलेली मापं बहुधा उदार असतात. तुमचा ६ फूट १ प्रत्यक्षात ६ फूट भरला तर अहवाल बदलतो.

दोन-तीन गोष्टी पटकन. तो सामन्यात किती स्नॅप खेळतो? पस्तीस खेळून ताजातवाना राहणारा आणि साठ खेळून चौथ्या क्वार्टरमध्ये तसाच निघणारा, हे दोन वेगळे खेळाडू. वय किती? कोविडच्या मोसमानं अनेकांना एक वर्ष जादा मिळालं, त्यामुळे चोवीस वर्षांचे जुने पैलवान एकोणीस वर्षांच्या पोरांना ढकलताना फिल्मवर दिसायचे. त्यानं ट्रान्सफर पोर्टलमधून विद्यापीठ बदललंय का? बदललं असेल तर जुन्या संघातली फिल्मही बघा, तिथे काम वेगळं असू शकतं आणि हा मुलगा आणखी काय करू शकतो ते तिथे सापडतं. दुखापतींबद्दल डॉक्टरांनी लिहिलेलं सोडून एक अक्षरही अहवालात टाकू नका. ऐकीव गोष्टीनं कोणाच्या तरी घरची चूल अडते.

माणूस म्हणून तो कसा आहे, हे तुम्हाला स्काउटपेक्षा सोपं आहे, कारण तुम्ही रोज तिथे आहात. वेट रूममधल्या कोचना विचारा, फिजिओना विचारा, कपडे-हेल्मेट सांभाळणाऱ्या माणसांना विचारा. मी स्वतः एक गोष्ट करतो: मुलाला त्याचाच हरलेला स्नॅप दाखवतो आणि फळ्यावर काय झालं ते काढायला सांगतो. काही मुलं शेजाऱ्याची चूक काढतात. काही मुलं मार्कर घेऊन स्वतःच्या पायाची जागा दाखवतात, ‘इथे पडायला हवा होता.’ दुसऱ्या प्रकारची मुलं वर जाऊन शिकतात, आणि पहिल्या दोन वर्षांत तिथे शिकणंच जास्त असतं.

मग लिहिताना फेरी सगळ्यात शेवटी लिहा. आधी काम लिहा. तुम्ही दिलेल्या मापांवरून, फिल्म न बघता, मी जे तात्पुरतं लिहीन ते असं: ‘३ टेक्निक, एका फटीवर हल्ला करणाऱ्या संघासाठी. पहिल्या वर्षी मुख्यतः पासच्या डाऊनवर, वीस-पंचवीस स्नॅप. दोन माणसांसमोर टिकतो हे सिद्ध झालं तर तिन्ही डाऊनवर. नोजवर (सेंटरसमोर, ०वर) खेळवू नये.’ अशा वाक्यांना चौथी-पाचवी फेरी साजते. त्या सातांपैकी निम्म्याहून जास्त सॅक खरंच त्याचे निघाले, आणि दोघांच्या माऱ्यात तो जागा सोडत नसेल, तर मी तुमच्या बाजूनं कोचशी बोलायला तयार आहे. दोघांच्या माऱ्यात तो दर वेळी तीन यार्ड मागे जात असेल, तर कोच बरोबर आहेत, आणि त्यांना ‘लहान’ म्हणजे तेच म्हणायचं होतं.

तुमच्या नजरेबद्दल. खेळलेल्या माणसाची नजर बॉलकडे आपोआप जाते, सवय असते. तुम्हाला ती सवय नाही. कंबर आणि पंजे बघायला शिकायला तुम्हाला उलट कमी मोडावं लागेल. गेल्या मोसमात तुमचा संघ ज्या सामन्यात समोरच्यांच्या बॉल घेऊन धावण्याच्या खेळावर सगळ्यात जास्त मार खाऊन हरला, तो आज रात्री लावा. मुलावर दोघे चालून आलेले सगळे स्नॅप एका कागदावर काढा, प्रत्येकासमोर तो किती यार्ड सरकला ते लिहा, आणि तो कागद इथे टाका. पुढचं त्यावरून बोलू.